आधी कानात सांगायचं

आमच्या शेजारचा नामदेव शेळीला सुई टोचू देण्याआधी तिच्या कानात सांगतो. ढोरांचा डॉक्टर सुई भरून उभा असतो आणि हा बाबा शेळीचा कान धरून पुटपुटतो, "दुखंल जरा. पर म्या हाय." मग डॉक्टरकडं बघून मान हलवतो, म्हणजे आता टोचा. बावीस शेरडं आणि नऊ मेंढरं आहेत त्याच्याकडं. प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं. एकीला सांगितलेलं दुसरीला चालत नाही. डॉक्टर नवा होता तेव्हा त्याला वाटलं, हा काही मंत्र आहे. मी म्हणलं, मंत्रबिंत्र काही नाही, येडं आहे ते, तुम्ही टोचा.

सुई झाली की नामदेव त्या जनावराच्या शिंगाला निळा रंग लावतो. शिंग नसलं तर कपाळाला. पावसाच्या तोंडाला त्याचा कळप निळाच दिसतो. साखऱ्यापासून पुसेगावपर्यंत कुणाच्याही शेरडांची लस चुकेल, नामदेवच्या चुकायची नाही. डॉक्टरला यायला उशीर झाला तर हा मोटारसायकल घेऊन आणायला जातो.

आणि हाच माणूस, गल्लीत आशाताई दिसली की पोटची पोरगी खांद्यावर टाकून मागच्या दारानं कडब्याच्या गंजीकडं पळतो. शेरडांना सगळ्या सुया आणि लेकराला म्हणलं की पळ. जन्मली तेव्हा दवाखान्यात दिल्या तेवढ्याच. पुढच्या एकीलाही त्यानं हात लावू दिला नाही.

कुणी समजवायला गेलं तर भांडत नाही, हीच मोठी तकलीफ. "बराबर हाय, पर" हे त्याचं ठरलेलं. आशाताई सांगती, गोवर वाईट, लेकरू हातचं जातं. बराबर हाय, पर. सासरा सांगतो, सरपंच सांगतो. बराबर हाय, पर. त्या 'पर'च्या पुढं काय आहे ते कधी कळायचं नाही. माणूस कंटाळून चहा पिऊन उठायचा.

त्याला दोन लेकरं. थोरला ओम्या, सात वर्षांचा. बोलत नाही. ऐकू येतं, आपलं-परकं कळतं, पण बोलत नाही आणि नजरेला नजर देत नाही. दावणीच्या एकेका खुंट्याला हात लावत तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. मधे कुणी अडवलं की परत पहिल्या खुंट्यापासून. दिवसभर तेच. नांदेडच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं की ह्याला ऑटिझम म्हणतात. धाकटी परी, दहा महिन्यांची. तिची गोवराची सुई राहिलेली.

नामदेवचं म्हणणं, ओम्या दीड वर्षाचा होईपर्यंत चांगला 'बा' म्हणत होता. सुई दिली आणि थोड्या दिवसांत गप झाला. ह्याच्या फोनवर कुणीतरी एक माणूस हेच सांगायचा. गळ्यात डॉक्टरची नळी. मला आणून दाखवलं. मला पटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, रेखानं, तिच्या फोनवर दुसरा माणूस दाखवला. तो म्हणत होता, हे सगळं खोटं आहे, तपासून बघितलंय. त्याच्याही गळ्यात नळी. मला तोही पटला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, नळी बघून विश्वास ठेवायची सवय. दोघांच्या गळ्यात नळी म्हणल्यावर मी करावं काय?

रेखा मात्र ठाम. तिचं माहेर आखाडा बाळापूरकडं. तिथं तिच्या चुलतबहिणीचा एक डोळा लहानपणी गोवरानं गेला, तो तिनं रोज बघितलेला. ती म्हणाली, "तात्या, पोळा येतो तवाच सोयाबीन पिवळं पडायला लागतं. म्हनून पोळ्यानं पिवळं पडलं म्हनायचं का? ज्या वयात सुई असती, त्याच वयात हे दिसाया लागतं. डॉक्टरीणबाईनं फोड करून सांगितलं. ह्यांच्या समोरच सांगितलं."

मी जाऊन नामदेवला पोळ्याचं सांगितलं. तो म्हणाला, बराबर हाय, पर.

शेवटी दोघं एकमेकांशी बोलायचीच बंद झाली. बोलायचं ते माझ्यामार्फत. आमच्या दोन घरांत कमरेएवढी भिंत आहे. रेखा भिंतीपाशी येऊन म्हणायची, "तात्या, त्यांना सांगा, भाकरी झाल्यात." तो तिच्यापासून चार हातावर बसलेला. मी म्हणायचो, भाकरी झाल्यात. तो म्हणायचा, "सांगा, येतो म्हनून." मी बिनपगारी टपालवाला. माघात माझी बायको, सरू, गेली तेव्हापासून मला दुसरा उद्योगही नव्हता. कशानं गेली म्हणून लोक विचारतात. मी सांगतो, छातीत दुखलं, आणि पावसापाण्याचं काढतो.

सरू असती तर दोघांना एका वाक्यात गप केलं असतं. मला तसं जमत नाही. मी सरळ तोंडावर म्हणलं, "नाम्या, तुझी इतकी शेरडं टोचून निघाली. एकीचं तरी बें बंद झालं का?"

तो विचारात पडला. मला वाटलं, जिंकलं. सकाळी येऊन म्हणतो, "तात्या, तुमचं बराबर हाय, पर ते तपासाया पायजे."

त्याच्या एका शेळीला जुळी करडं झालेली, सारख्याच रंगाची. डॉक्टर आला तेव्हा नामदेवनं एक टोचून घेतलं, कानात सांगून, कपाळाला निळा रंग लावून. दुसरं मात्र त्यानं माझ्या न्हाणीत लपवलं. डॉक्टर गेल्यावर मला म्हणाला, "तुमी साक्षीदार. महिनाभर ध्यान द्या, कोन गप होतंय ते. तुमाला काम न्हाई, कान हायत."

मी म्हणलं, म्हातारपणी हेच राहिलं होतं.

पण बसलो. घरात तरी काय ऐकायचं होतं? रोज सकाळ-संध्याकाळ नामदेव भिंतीपाशी यायचा आणि मी सांगायचो. रेखा आतून ऐकायची आणि कपाळावर हात मारायची.

झालं असं की निळ्या कपाळाचं करडू इतकं ओरडायला लागलं की गल्लीनं आम्हाला शिव्या दिल्या. आय चरायला गेली की सुरू, आली तरी सुरू. आणि बिनसुईचं, ते गप. भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. खायचं, प्यायचं, वाढतही होतं. ओरडायचं मात्र नाही.

नामदेवचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं मला विचारलं, तुमी अदलाबदल केली का? मी म्हणलं, रंग तू लावलास. त्यानं त्या करडाचं तोंड उघडून बघितलं, कानात टाळी वाजवून बघितली. करडानं मान वळवली, ऐकू येत होतं. पण आवाज नाही.

तेवढ्यात आशाताई येऊन सांगून गेली की पलीकडच्या वाडीत दोन लेकरांना ताप आणि अंगावर पुरळ आहे. गोवर आहे. परीला आता थांबवू नका. उद्या अंगणवाडीत सुया आहेत. त्या दिवशी नामदेव पळालाही नाही. गोठ्यात बसून राहिला. मी भिंतीपाशी गेलो. ते गप करडू त्याच्या मांडीवर होतं.

"बराबर हाय, पर..." तो म्हणाला. आणि पुढं काहीच आलं नाही.

मग म्हणाला, "ह्याला कुनी काय केलं, तात्या?"

"कुणी न्हाई. तसंच आलंय ते."

करडावरून लेकराचं ठरवू नये, एवढं मलाही कळतं. डॉक्टरीणबाई ऐकेल तर हसेल. पण तो माणूस हसण्याच्या जागेवर नव्हता.

"ओम्याला म्या नेलं होतं," तो म्हणाला. "रेखाला ताप होता म्हनून म्या एकटाच. बिस्कुटचा पुडा दावून नेलं. हसून राहिलं होतं पोरगं. बा म्हनलं. आन् म्या त्याचे पाय धरले, शेरडाचे धरतो तसे. सांगितलंच न्हाई त्याला. सुई टोचली तवा त्यानं वळून माझ्याकडं बघितलं. तसं परत कदी बघितलं न्हाई." थोडा वेळ करडाच्या कपाळावर हात फिरवत बसला. "रुसलंय ते, तात्या. म्या फसवलं म्हनून."

म्हणजे ते फोनवरचे गळ्यात नळीवाले सगळे बाजूलाच. सात वर्षांचं लेकरू आपल्यावर रुसून गप आहे असं धरून हा बसला होता. म्हणून शेरडांना सांगायचं आधी.

मला माघातली ती रात्र आठवली. सरू म्हणाली होती, छातीत दुखतंय. मी म्हणलं, गॅस असंल, ओवा खा. शेजारी मोटारसायकल होती, नामदेव घरी होता. मी ओवा दिला आणि झोपलो. नामदेवचं येड आहे आणि माझं खरं आहे, की दोन्ही एकच आहे, ते मला आजही उमगत नाही.

मागं रेखा उभी होती. कधी आली ते दोघांनाही कळलं नाही. महिन्याभरात पहिल्यांदा ती त्याच्याशी बोलली.

"मला काहून सांगितलं न्हाई?"

तो करडाकडंच बघत राहिला.

"उद्या परीला म्या धरते," ती म्हणाली. "तुमी कानात सांगा."

"न्हाई," तो म्हणाला. "पाय म्याच धरीन."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मीही गेलो, साक्षीदार म्हणून. नर्सबाई सुई भरून उभी आणि नामदेव परीचा कान धरून पुटपुटतोय. बाईनं आमच्याकडं बघितलं. रेखा म्हणाली, थांबा जरा, त्यांचं होऊ द्या. परीनं बापाचं नाक धरलं. मग त्यानं तिचे पाय धरले आणि मान हलवली. पोरगी रडली, रेखानं उचलली, झालं. बिनसुईचं करडूही त्याच आठवड्यात टोचून घेतलं. दोन्ही करडं आता निळीच आहेत. एक ओरडतं, एक ओरडत नाही.

नामदेवला पटलं का, ते मला विचारू नका. पुढचे पंधरा दिवस तो दिवसातून चारदा भिंतीपाशी यायचा. "तात्या, परी आता बा म्हनली. ऐकलं का?" मी म्हणायचो, ऐकलं. खरं तर ती बा म्हणाली की नुसती बोंबलली, मला सांगता येत नाही.

मग एका संध्याकाळी मी ओट्यावर बसलो असताना बघितलं. ओम्या खुंट्यांना हात लावत चालला होता. निम्म्यात आला तेव्हा नामदेव त्याच्यासमोर उकिडवा बसला, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. काय ते मला ऐकू आलं नाही. पण शेरडांच्या वेळी जेवढं बोलतो त्यापेक्षा जास्त होतं.

ओम्यानं बाहीनं कान पुसला. बापाकडं बघितलं नाही. वळला आणि परत पहिल्या खुंट्यापासून सुरू केलं. नामदेव बाजूला होऊन उभा राहिला, शेवटच्या खुंट्यापर्यंत.

मी आत आलो. सरूची खाट अजून तिथंच आहे, हलवलेली नाही. तिच्या उशाशी वाकलो, कान असायचा तिथं.

म्हणलं, गॅस नव्हता तो.