पन्नाशी गाठलेलं भंगार

"ते पत्र परत एकदा वाच," मर्टल म्हणाली.

ऑर्व्हिल स्कोगनने जंगल खात्याच्या रूकसाहेबांचं पत्र दोनदा वाचलं होतं. तिसऱ्यांदा वाचून मजकूर बदलणार नव्हता. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्याला एवढं कळलं होतं की मर्टल वाच म्हणाली की वाचायचं. त्याने चष्मा पुसला.

"'तीस सप्टेंबरला सकाळी अकरा वाजता कोर्टाच्या इमारतीत अदलाबदलीच्या कागदांवर सह्या होतील. तत्पूर्वी आपल्या जमिनीवरील भंगार हलवलेले असावे. मोडका ट्रक एक, पत्र्याच्या डब्यांचा ढीग एक. मुदतीत सह्या न झाल्यास जमिनीचे मूल्यांकन शिळे होईल व सर्व प्रक्रिया आरंभापासून करावी लागेल.'"

"आरंभापासून म्हणजे?"

"म्हणजे आणखी अकरा वर्षं."

"अकरा वर्षांनी मी एकोणनव्वदची होईन," मर्टल म्हणाली. "ट्रक हलव."

स्कोगनांची एकशेसाठ एकर जमीन मोंटानाच्या डोंगरात, सरकारी जंगलाच्या बरोबर पोटात होती. त्या भागाचा नकाशा बघितला की बुद्धिबळाचा पट दिसतो; एक घर सरकारचं, एक खाजगी. जंगल खात्याला आपला पट सलग करायचा होता. त्या एकशेसाठच्या बदल्यात खातं खालच्या डांबरी रस्त्याला लागून चाळीस एकर देत होतं, आणि त्यावरचं जंगल रखवालदाराचं दोन खोल्यांचं रिकामं घर. खातं राजी होतं, स्कोगन राजी होते. दोन्ही बाजू राजी असल्या की काम एका दुपारचं, असं ऑर्व्हिलला सुरुवातीला वाटलं होतं. मग एक वर्ष संरक्षित घुबडाचं घरटं निघालं. एक वर्ष मोजणीदाराला कोपऱ्याचा दगड सापडला नाही. मग साहेबाची बदली झाली, आणि नव्या साहेबाला फाईल सापडली नाही. तोवर मर्टलचं कंबरेचं हाड गेलं.

डांबरी रस्ता त्यांच्या दारापासून सहा मैल खाली. नोव्हेंबर ते एप्रिल ती कच्ची वाट बर्फाखाली असायची. मागच्या जानेवारीत मर्टल ओट्यापाशी पडली, तेव्हा शेजारच्या क्लीटने तिला घसरगाडीवर बांधून खाली नेलं. पाच तास लागले. तेव्हापासून तिचं एकच मागणं होतं. खालचा रस्ता सरकार साफ करतं. बर्फ सारणारी गाडी रोज जाते. ती गाडी तिला आपल्या खिडकीतून जाताना बघायची होती. या हिवाळ्याच्या आत.

ट्रक ऑर्व्हिलच्या वडिलांचा. सत्तेचाळीस सालच्या शरदात त्याचा कणा मोडला, आणि मोडला तिथेच त्यांनी तो सोडला. "उद्या बघू," म्हणाले होते. ऑर्व्हिलनेही पुढे पन्नास वर्षं तेच म्हटलं. मधल्या काळात इंजिनाच्या जागेतून पाइनचं एक झाड वर आलं होतं.

क्लीट ट्रॅक्टर आणि साखळदंड घेऊन आला. तीन दिवस गेले. झाड कापावं लागलं, एक दार हातात आलं, डब्यांची सोळा पोती भरली. बेंट फोर्क गावचा भंगारवाला डॉब्स सगळं घेऊन गेला, आणि ऑर्व्हिल पायऱ्यांवर बसून राहिला. उठायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खात्याची गाडी आली. तिच्यातून एक तरुण बाई उतरली. मिस हॅलोरन, खात्यात जुन्या वस्तूंची तपासणी करायची. तिने हातातल्या कागदाकडे बघितलं, मोकळ्या जागेकडे बघितलं, परत कागदाकडे बघितलं.

"मिस्टर स्कोगन, ट्रक कुठाय?"

"हलवला की," ऑर्व्हिल अभिमानाने म्हणाला. "आणि डबेसुद्धा."

बाईचा चेहरा पडला. "अहो, पण तो पन्नास वर्षांचा झालाय ना!"

"म्हणून तर मोडलाय."

"तसं नाही. पन्नास वर्षं झाली की नियमाने ती जुनी वस्तू होते. तपासल्याशिवाय तिला हात लावता येत नाही."

"अकरा वर्षांपूर्वी तुमच्याच माणसाने ते भंगार म्हणून लिहिलंय!"

"तेव्हा ट्रक एकोणचाळीसचा होता," मिस हॅलोरन समजावून म्हणाली. "तेव्हाच सह्या झाल्या असत्या, तर भंगारच राहिला असता."

"आणि हे पत्र? हे रूकसाहेबांनी आत्ता, या महिन्यात पाठवलंय."

तिने पत्र वाचलं. "मिस्टर रूक माझ्यापासून तीन टेबलं पलीकडे बसतात," ती हळूच म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्यात सगळं आलं.

मर्टल काठी टेकत बाहेर आली. "पोरी, सरळ सांग. आता काय?"

"वस्तू जागेवर नसेल तर जागेची मोडतोड झाली असं लिहावं लागतं. मग त्याचा वेगळा अहवाल. त्याला आठ महिने."

"आणि जागेवर असली तर?"

मिस हॅलोरनने मर्टलच्या काठीकडे बघितलं. "मी आज इथे आलेच नाही," ती म्हणाली. "वाटेत टायर बसलं. शुक्रवारी येते."

डॉब्सने एव्हाना ट्रक आपल्या फाटकासमोर चार दगडांवर चढवून ठेवला होता आणि त्यात बायकोच्या फुलांच्या कुंड्या मांडल्या होत्या.

"परत पाहिजे?" डॉब्स म्हणाला. "भंगार परत मागायला आलेला तू पहिलाच, ऑर्व्हिल. का रे?"

ऑर्व्हिलला खोटं बोलायची सवय नव्हती. "तो ऐतिहासिक झालाय," तो म्हणाला.

आयुष्यात काही वाक्यं गिळायची असतात. डॉब्सचे डोळे चमकले. "मग असातसा कसा देऊ? अदलाबदल कर. तुझ्या बायकोची ती लोखंडी चूल दे. माझ्या बायकोचा डोळा आहे तिच्यावर."

ऑर्व्हिल मान खाली घालून घरी आला. वाटभर त्याने शब्द जुळवले होते, पण मर्टलने दोन वाक्यांतच त्याला थांबवलं.

"घेऊन जा म्हणावं. पंचेचाळीस वर्षं ती चूल मला भाजतीय. पण ट्रक आणा आधी."

चूल गेली, आणि त्या दिवसापासून स्कोगनांच्या घरात डब्यातला थंड घेवडा सुरू झाला.

ट्रक आला तर तो ठेवायचा कसा, यावर अडलं. खात्याच्या फाईलमधला फोटो फेब्रुवारीतला होता. त्यात एक पांढरा उंचवटा दिसत होता.

"तोंड रस्त्याकडे होतं," क्लीट म्हणाला.

"डोंगराकडे," ऑर्व्हिल म्हणाला.

"ओढ्याकडे!" मर्टल पायरीवरून ओरडली. "कपडे वाळत घालताना जन्मभर त्याचं ढुंगण बघितलंय मी. मला शिकवू नका."

तोंड ओढ्याकडे झालं. डबे पोत्यांतून ओतले, तर ढीग फार नीटनेटका दिसायला लागला. क्लीटने तो लाथा मारून बिघडवला. राहिलं झाड. कापलेलं पाइन इंजिनाच्या जागेत उभं करून त्यांनी बुंध्याशी दगड ठासले. लांबून बरं दिसत होतं.

शुक्रवारी मिस हॅलोरन आली. तिने मोजमापं घेतली, फोटो काढले, गुडघ्यावर बसून डब्यांची झाकणं बघितली. ट्रकच्या पुढच्या बाजूला वाकताना तिने आधाराला झाडाला हात लावला, आणि झाड तिच्याकडे निघालं. तिने ते सावरलं. मग एका हाताने झाड धरून ठेवून दुसऱ्या हाताने तिने उरलेलं पान लिहिलं.

"झाड चांगलं वाढलंय," ती म्हणाली.

"जमीन कसदार आहे," क्लीटने सांगितलं.

तिने सावकाश हात काढला. झाड राहिलं. "झालं तपासून," ती म्हणाली. "या ट्रकला काहीही ऐतिहासिक महत्त्व नाही. त्या काळी असे हजारो होते."

मर्टलने सुस्कारा सोडला. "म्हणजे सुटलो आपण."

"हो." मिस हॅलोरन जरा घुटमळली. "म्हणजे आता ते भंगार ठरलं. तीस तारखेच्या आत हलवायला लागेल."

मग क्लीट साखळदंड आणायला गेला.

या वेळी डॉब्सने फाटकच उघडलं नाही. "ऐतिहासिक असता तर घेतला असता," तो आतून म्हणाला. "आता सरकारनेच भंगार म्हटलंय. आणि चूल परत मिळणार नाही, तिच्यावर बायकोने पाव भाजलाय."

ऑर्व्हिलने रूकसाहेबांना फोन केला. खालच्या चाळीस एकरांत नेऊन ठेवतो म्हणाला.

"अजिबात नको!" रूक म्हणाले. "सही होईपर्यंत ती सरकारी जमीन आहे. सरकारी जमिनीवर भंगार टाकणं गुन्हा आहे, मिस्टर स्कोगन."

"आणि इथे ठेवलं तर?"

"तर सही नाही."

"मग ठेवू कुठे? डोक्यावर?"

"त्याबद्दल नियम नाही," रूक म्हणाले.

म्हणून तीस तारखेला बेंट फोर्कच्या मुख्य रस्त्याने एक मिरवणूक निघाली. पुढे क्लीटचा ट्रॅक्टर, मागे ट्रेलर, ट्रेलरवर ट्रक, ट्रकमध्ये सोळा पोती डबे, आणि शेवटी पिकअपमध्ये सणाचे कपडे घातलेले नवराबायको. कोर्टासमोर जेवढी मोकळी जागा होती, तिथे गाडी उभी करायला मनाई होती. क्लीटने तिथेच थांबवलं.

आत रूकसाहेबांनी कागद पसरले. "जमिनीवर भंगार नाही ना?"

"जमिनीवर नाही," ऑर्व्हिल म्हणाला.

खिडकीबाहेर पोलिसाने शिट्टी वाजवली. क्लीट हातवारे करत होता. ऑर्व्हिलने पेन उचललं आणि नेहमीच्या सावकाशीने पहिलं अक्षर काढलं, मग दुसरं. पोलीस वही काढत होता.

"अरे, पूर्ण नाव कशाला लिहितोस?" मर्टल दातांतल्या दातांत म्हणाली. "आद्याक्षरं टाक आणि चल!"

अकरा वाजून नऊ मिनिटांनी सरकारचा पट सलग झाला. मर्टलने तिथल्या तिथे रूकसाहेबांच्या टेबलावर डोकं टेकलं. त्यांना वाटलं बाई रडतीय. ती झोपली होती.

ट्रक आणि डबे त्याच दुपारी खालच्या चाळीस एकरांत गेले; ती जमीन आता त्यांची होती. घर हलवायला ऑक्टोबर गेला. नव्या घरात खिडकीशी मर्टलची खुर्ची लागली, आणि नोव्हेंबरच्या आठ तारखेला बर्फ पडला. रात्रभर पडून सकाळी उघडला. सात वाजता वळणावरून घरघर ऐकू आली. पिवळी गाडी बर्फाची लाट उडवत आली आणि दारासमोरून थाटात निघून गेली.

"बघितलीस?" मर्टल म्हणाली. "ऑर्व्हिल, बघितलीस का?"

ऑर्व्हिलने बघितलं होतं. गाडीने रस्ता लख्ख केला होता, आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ त्यांच्या फाटकात छातीइतका रचून ठेवला होता. फाटक दिसत नव्हतं.

"तिकडे सहा मैल होता," मर्टल म्हणाली. "हा बारा फूट आहे. ऊठ."

तो उठला. फावडं घेऊन खपला, थांबून दम घेतला, परत खपला. पावणेनऊला वाट मोकळी झाली. तो फावड्यावर रेलून उभा राहिला, तेवढ्यात पलीकडून घरघर ऐकू आली. गाडी परत निघाली होती, उरलासुरला बर्फ याच बाजूला सारत. ऑर्व्हिलने दोन्ही हात वर करून आरडाओरडा केला. ड्रायव्हरने त्याला नमस्कार समजून टोपी उंचावली आणि फाटक पुन्हा भरून टाकलं.

ऑर्व्हिलने मागे वळून घराकडे बघितलं. खिडकीत मर्टल दोन्ही हात हलवून ड्रायव्हरला निरोप देत होती. अकरा वर्षांत त्याने तिला इतकं खूश बघितलं नव्हतं.

तिने खिडकी जराशी वर केली. "दिवसातून दोनदा येतो रे!" ती ओरडली.