बहराखाली बंद पडणारी गाडी

ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर कपाळाला हात लावून बसले होते. नवशिक्या काकांनी आजही त्याच झाडाखाली गाडी बंद पाडली होती. झाड गुलाबी फुलांनी डवरलेलं, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मागच्या सीटवर काकू शाल पांघरून वर बघत बसलेल्या.

"अहो काका, क्लच दाबा की!"

"दाबतोय. पाय ऐकत नाही."

"कालही हेच म्हणालात!"

"पाय कालचाच आहे, मास्तर."

मागे काकू खुदकन हसल्या. शिकायला एक आणि हसायला दुसरी, हे मास्तरांच्या शिस्तीत बसत नव्हतं. पण "हिला घरी एकटं ठेवता येत नाही," असं काकांनी आधीच सांगितल्यामुळे त्यांचा नाइलाज होता.

खरी गोष्ट मास्तरांना ठाऊक नसली, तरी वाचकांना आताच सांगितलेली बरी. काकांचा उभा जन्म शहराची बस चालवण्यात गेला होता. दर वसंतात बहर बघायला निघणाऱ्या गर्दीसाठी जादा बस सुटत आणि त्या काकांच्याच माथी येत. त्यामुळे काकूंचा बहर दरवर्षी पुढच्या वर्षावर जाई. आता काकू आजारी होत्या, आणि डॉक्टरांनी 'पुढच्या वर्षी' हे शब्द वापरायचं सोडून दिलं होतं.

"एकदा बहर बघायचाय हो," काकू म्हणाल्या होत्या, "पण शांतपणे. गोंगाटानं डोकं फुटतं माझं."

काकांनी शहर पालथं घातलं. मोठ्या बागेत फुलांपेक्षा फोन जास्त. नदीकाठी बाक मिळाला, तर एका जोडप्याच्या फोटोग्राफरने "आजी, जरा फ्रेमच्या बाहेर बसा ना" म्हणून काकूंना उठवलं. दवाखान्याच्या आवारात एक झाड होतं, पण काकू तयार होईनात. "तिथं लोक मला बघायला येतात. मला कुणाला तरी बघायला जायचंय!"

शेवटी उरला पाण्याच्या टाक्यांमागचा रस्ता. फाटकावर पहारेकरी. सकाळी फक्त ड्रायव्हिंग स्कूलच्या गाड्या आत सोडायचा, पण थांबू त्यांनाही द्यायचा नाही. अशा ठिकाणी गाडी उभी ठेवायचा हक्क एकाच माणसाला असतो, ज्याला ती चालवता येत नाही. काकांनी मुकाट्याने स्कूलमध्ये नाव घातलं.

पण उस्तादाला नवशिक्याचं सोंग आणणं सोपं नव्हे. फार वाईट चालवली, तर मास्तर स्वतः स्टिअरिंग धरत आणि झाड मागे पडे. बरी चालवली, तर मास्तर परीक्षेची तारीख काढत. म्हणून काका सगळीकडे बेताचे आणि झाडाखाली अगदी ढ राहिले. मास्तरांनी मेकॅनिक आणला, त्याला दोष सापडेना. मग त्यांनी गाडी उलट्या बाजूने आणायला लावली, तर झाड डावीकडचं उजवीकडे आलं, पण गाडी तिथेच बंद. पहारेकरी शिट्टी फुंकत धावत आला, "थांबायचं नाही इथं!"

"हौसेनं थांबलोय का? बंद पडलीय!" मास्तरच त्याच्या अंगावर ओरडले. काकूंना तेवढाच वेळ जास्त मिळाला.

मग एके सकाळी समोरून पाण्याचा टँकर रिव्हर्समध्ये गाडीवर येऊ लागला. ड्रायव्हरचं लक्ष नव्हतं. मास्तर किंचाळले. काकांनी किल्ली फिरवली, एका हाताने स्टिअरिंग वळवलं आणि गाडी रिव्हर्समध्ये दोन झाडांच्या फटीत अलगद नेऊन ठेवली. काकूंच्या खांद्यावरची शालसुद्धा ढळली नाही.

टँकर निघून गेला. मास्तर काकांच्या हातांकडे बघत राहिले.

"काय चालवायचात?"

"बस," काका खाली मान घालून म्हणाले.

"मग माझी अशी थट्टा का केलीत?"

काकूच म्हणाल्या, "मास्तर, मला पुढचा बहर नाही. रागवायचं तर मला रागवा."

मास्तरांनी मान वर केली. इतकी वर्षं ते या रस्त्यावर येत होते, पण रस्त्याच्या वर काय आहे ते त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

"उद्या मी घरी न्यायला येतो," ते म्हणाले. "आणि काका, बंद पाडल्यावर लगेच हँडब्रेक ओढत जाऊ नका. नवशिक्याला ते सुचत नाही."

काकूंनी तो बहर डोळे भरून बघितला. रस्ता पाकळ्यांनी भरला त्याच आठवड्यात त्या गेल्या.

काही दिवसांनी काका स्कूलच्या दारात उभे. "घरात बसवत नाही हो. राहिलेले तास घेता का?"

मास्तर गाडीत त्यांच्या शेजारी बसले. मागची सीट रिकामी होती. झाडावर आता नुसती हिरवी पानं होती आणि काकांना तिथे थांबायचंही नव्हतं. पण गाडीने जोरात गचका खाल्ला आणि ती बंद पडली. काकांनी ती सुरू केली, ती उडी मारून पुन्हा बंद पडली. क्लच कुठला आणि ब्रेक कुठला, त्यांच्या पायाला कळेना.

"मास्तर, आज सोंग नाही. खरंच येत नाहीये मला."

मास्तरांनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"असू द्या, काका. पहिल्या दिवशी सगळ्यांचं असंच होतं."