श्यामरावांच्या अंगणातला डबा

प्रफुल्लचा बंगळुरूहून फोन आला, तेव्हा श्यामराव खोकून खोकून बेजार झाले होते.

"बाबा, डबा कसा आहे?"

"डबा बरा हाये. मलेच कालपासून..."

"त्याच्यावर कोंबड्या नाही ना बसून राहिल्या?"

"नाही. पण छातीत जरा..."

"बरं, ठेवतो."

"काय म्हणे पोरगा?" शकुनबाईंनी विचारलं.

"डब्याची तब्येत विचारे," श्यामराव म्हणाले.

प्रफुल्लच्या कंपनीचा फ्रीजएवढा उपग्रह आभाळातून रडारच्या लहरी सोडून समुद्राची उंची मोजत असे. माप बरोबर येतं की नाही, हे ताडून पाहायला पक्क्या उंचीवरचा एक लोखंडी डबा जमिनीवर लागे. उपग्रह डोक्यावरून गेला की डबा त्याच्या लहरींना उत्तर देई. प्रफुल्लने साहेबांपुढे छाती काढून आपल्या एकोडी गावच्या घराचं अंगण देऊ केलं होतं. पूर्वी त्याचा फोन सणासुदीला यायचा, आता रोज यायला लागला. डब्यासाठी का होईना, पोराचा आवाज कानी पडत होता, आणि श्यामराव तेवढ्यावर दिवस ढकलत होते.

म्हणून ते डब्याला जिवापाड जपत. अंगणात ओल आली, तशी त्यांनी डब्याच्या चारी कोपऱ्यांखाली एकेक वीट सरकवली. त्या घरात कोठी असो की ट्रंक, कुठलीच वस्तू उघड्या जमिनीवर टेकत नसे.

पुढच्या फोनवर प्रफुल्लचा आवाज पार उतरला होता.

"बाबा, डबा हलवला का?"

"हलवला नाही. वर ठेवला."

"काहून?"

"खालून उधई-वाळवी लागली असती."

"बाबा, तो लोखंडाचा आहे!"

"मंग? आपली कोठी बी लोखंडाचीच हाये. ते नाही का विटांवर?"

प्रफुल्लने कपाळावर हात मारल्याचा आवाज एकोडीपर्यंत आला. डबा वीटभर वर गेल्याने हिशोब फिरला होता आणि कंपनीच्या नकाशावर जगातले सगळे समुद्र वीटभर खाली गेले होते. साहेबांनी तो नकाशा मोठ्या दिमाखात परदेशी पाठवला होता.

"माझी नोकरी जाऊन राहिली, बाबा."

श्यामरावांना घास गोड लागेना. उभ्या जन्मात समुद्र पाहिला नाही आणि त्याच्यापायी पोराच्या पोटावर पाय आला, ही खंत त्यांना खाऊ लागली.

दोन इंजिनीअर घेऊन प्रफुल्ल आला. विटा निघाल्या, डबा जागेवर बसला, हिशोब सुधारला. साहेबांचा फोन आला आणि नोकरी वाचली. शकुनबाईंनी हौसेने केलेले वडे प्रफुल्लने उभ्याउभ्याच खाल्ले.

"खोकला आहे का, बाबा?" गाडीत बसता बसता त्याने विचारलं.

"हाये थोडासा," श्यामराव हरखून म्हणाले. पण तोवर ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती.

"आता डब्यात यंत्र बसवलंय," प्रफुल्लने काचेतून ओरडून सांगितलं. "डबा केसभर हलला तरी माझ्या मोबाइलवर घंटी वाजते. तुम्हाले रोज फोन करून तरास द्यायची गरज नाही!"

मग खरोखरच फोन बंद झाला. पोळा आला आणि गेला. श्यामराव मोबाइल चार्जिंगला लावत, काढत, पुन्हा लावत. घर खायला उठलं होतं.

एका संध्याकाळी शकुनबाई चुलीपुढून उठल्या, तर श्यामराव अंगणात डब्यापाशी वाकलेले. नवरा काय करतो आहे, हे त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग पदर खोचून जवळ आल्या.

"एकल्यानं नका उचलू, कंबर जाईल," त्या हळूच म्हणाल्या. "थांबा, मले तिकून धरू द्या."