कपाटाचा ठराव

ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. घरात एक कुलपाचं कपाट आणायचं, आणि आजच आणायचं. बाजूनं मत दिलं गोरक्षनं आणि त्याच्या आईनं, भीमाबाईनं. विरोधात एकच हात वर गेला, तो कॉम्रेड सूर्यभान वाकचौऱ्यांचा, म्हणजे गोरक्षच्या वडिलांचा.

अकोल्याच्या अलीकडे प्रवरेकाठी हे घर. तिथं मिठाच्या बरणीची जागा बदलायची तरी हात वर करून मतं घेतली जात. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. घोंगडी ज्याला थंडी वाजेल त्याची, बादली ज्याची आंघोळ राहिली असेल त्याची. गोरक्ष जन्मला तेव्हा बाप तुरुंगात होता म्हणून नाव आजीनं ठेवलं. नाही तर पोराचं नाव 'लालबावटा' पडलं असतं, असं गावातली माणसं अजून हसून सांगत. अशा घरात वाढून गोरक्ष प्राथमिक शाळेत मास्तर झाला, चोविशी उलटली, पण 'माझं' हा शब्द त्यानं फक्त व्याकरण शिकवताना उच्चारला होता.

पुढं त्याचं लग्न झालं. पुष्पावती ही कानिफनाथबुवांची लेक. बुवा कीर्तनाला उभे राहिले आणि आवाज चढला की मंडपातली रडती पोरं गप्प होत आणि गप्प बसलेले म्हातारे रडू लागत. लेकीच्या पाठवणीत त्यांनी स्वतःचे टाळ दिले होते. सासरी आल्यावर पहिल्याच महिन्यात पुष्पाची दोन लुगडी एका कॉम्रेडच्या बाळंतिणीला गेली. कळशी शिबिराला गेली. पुष्पानं तेही चालवून घेतलं. मग कॉम्रेडांनी मोर्चात वाजवायला म्हणून टाळ दिले. मोर्चा परत आला, टाळ आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुष्पा माहेरी गेली, त्याला आता तीन महिने झाले होते.

आणि काल, शुक्रवारी, बुवांचं कार्ड आलं. 'येत्या शनिवारी सायंकाळी तुमचे गावी मारुतीपुढे सेवा आहे. मुलगी संगती येईल. कुलपाचे कपाट घरात दिसले तर राहील. न दिसले तर कीर्तन आटोपून आम्हांबरोबर माघारी येईल. मग पुन्हा पाठवणे होणार नाही.'

"मी विरोधात मत दिलं," सकाळी कॉम्रेड खांद्याला कापडी पिशवी अडकवत म्हणाले, "पन बहुमत म्हंजे बहुमत. अंमलबजावनीला मी सोता येनार."

"आबा, तुमी कशाला तरास घेता? मी आनतो की जाऊन."

"एकट्यानं? एकट्या मानसाला सर्दी तेवढी आनता येती, गोरक्ष."

भीमाबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि लेकाच्या कानाशी लागली. "कपाट घिऊन ये बाबा. आबांना मागं ठिवून आलास तरी मी इचारनार न्हाई."

संगमनेरला एसटीतून उतरल्याबरोबर कॉम्रेड म्हणाले, "दोन मिंटात आलो," आणि विडी कामगारांच्या वस्तीत शिरले. दोन मिनिटांचा अर्धा तास झाला. परत आले तेव्हा पिशवी चांगलीच जड दिसत होती. गोरक्ष पिशवीकडं बघत राहिला. पत्रकं! आज, कपाटाच्या दिवशी!

तसं सगळं जुळवून ठेवलेलं होतं. गावातली कांद्याची ट्रक माल उतरवून तीन वाजता रिकामी परतणार होती. ड्रायव्हरनं कपाट न्यायचं कबूल केलं होतं, पण एका अटीवर. "तीन म्हंजे तीन, मास्तर. मला बी कीर्तन गाठायचंय."

राधाकृष्णशेठच्या फर्निचरच्या दुकानात बाराच्या सुमाराला दोघं शिरले. गोरक्ष दारातच थबकला. समोर अकरा कपाटं उभी होती. हिरवी, करडी, आरशाची, बिनआरशाची. शेजारी पलंग, खुर्च्या, एक लांबलचक सोफा. एवढं सामान एका ठिकाणी, तेही कुणी वापरत नसलेलं, त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"या, या मास्तर!" शेठ पुढं आले. "कंचं दाखवू?"

गोरक्षनं हळू आवाजात विचारलं, "ह्यातलं आमच्या वाट्याला कंचं आलंय?"

शेठनी त्याच्याकडं नीट निरखून पाहिलं. "वाट्याला? मास्तर, रेशनचं दुकान पलीकडच्या गल्लीत हाय. हितं आवडंल ते घ्यायचं."

"आवडंल ते... म्हंजे ते ठरीवतं कोन?"

"तुमीच की!"

गोरक्षला घाम फुटला. त्यानं सवयीनं मागं वळून पाहिलं, कुणाचा हात वर आहे का. कुणाचाच नव्हता. एका आरशात त्याला स्वतःचाच चेहरा दिसला, इन्स्पेक्शनच्या दिवशी असतो तसा.

"आबा, हिरवं का करडं?"

"दोन्ही पत्र्याचीच," कॉम्रेड म्हणाले आणि सोफ्यावर टेकले. स्प्रिंगनं त्यांना खाली घेतलं आणि लगेच वर सोडलं. पिशवीत काही तरी खणखणलं. कॉम्रेड ताडकन उभे राहिले. "शेठ, हे मानसाला बसवतं का उठवतं?"

गोरक्ष पहिल्या कपाटापासून सुरू झाला. दार उघडायचं, लावायचं, दोन पावलं मागं सरून बघायचं. अकराव्याशी आला तोवर पहिलं कसं होतं ते विसरला. पुन्हा पहिल्यापासून. शेठनी दोनदा चहा घेतला. अखेर गोरक्षनं डोळे मिटले, पुष्पा कपाटासमोर उभी आहे अशी कल्पना केली, आणि ज्याचं कुलूप सगळ्यात घट्ट फिरत होतं त्या करड्या कपाटावर हात ठेवला.

"हे."

एवढा एक शब्द बोलायला दोन तास लागले होते. पैसे देऊन झाले, चावी हातात आली. सव्वादोन वाजले होते. अजून वेळ होता. आता फक्त हमाल बोलवायचे, कपाट रस्त्यावर न्यायचं...

"शेठ!" मागच्या अंगणाकडून आवाज आला. दारात कॉम्रेड उभे होते आणि त्यांच्यामागं दुकानातली तीन माणसं, म्हातारा रंगारी गहिनीनाथ, एक वेल्डर आणि एक हमाल. "ह्या मानसांनी जेवायचं कवा?"

"जेवत्यात की सवडीनं."

"सव्वादोन वाजलं. कालच्याला साडेचार झालते. गहिनीनाथ, सांग."

"व्हय," गहिनीनाथ रंगाचे हात मागं लपवत म्हणाला. "येवढं उरका, येवढं उरका म्हनता म्हनता ऱ्हातंया."

"दुपारच्याला अर्धा तास जेवनाची सुट्टी. ही मागनी मान्य हुईस्तवर काम बंद!" कॉम्रेड म्हणाले आणि दुकानाच्या मधोमध फरशीवर बसले. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि तेही बसले. बरोबर करड्या कपाटाच्या आडवे.

"आबा!" गोरक्षचा आवाज चिरकला. "तीनला ट्रक जानार!"

"जाऊ दे. मी का आडवतो ट्रकला?"

"मी एकट्यानं वढत नेतो."

"संप फोडनार? माझा पोरगा?" कॉम्रेडांनी असं पाहिलं की गोरक्षचा कपाटाकडं निघालेला हात परत खिशात गेला.

पावणेतीन झाले. बाहेर ट्रक येऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं एक हॉर्न दिला. गोरक्षच्या डोळ्यांपुढं बुवांचं कार्ड नाचू लागलं. मग बापाच्याच घरात शिकलेली एक गोष्ट त्याला आठवली.

"मी ठराव मांडतो," तो म्हणाला. "संप चालू ऱ्हाऊ द्या. फकस्त हे एक कपाट उचलून ट्रकीत ठिवायचं. मतं घ्या."

कॉम्रेडांची पाठ ताठ झाली. ठरावाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "रीतसर हाय. गिऱ्हाइकाला मत न्हाई. बाजूनं कोन?"

वेल्डरनं आणि हमालानं हात वर केले. मास्तरचा चेहरा त्यांना बघवत नव्हता.

"विरोधात?" गहिनीनाथनं कॉम्रेडांकडं पाहून हात वर केला, कॉम्रेडांचा तर आधीच होता. दोन विरुद्ध दोन.

"माझं मत बाजूनं!" शेठ ओरडले.

"मालकाला मत न्हाई."

"मालक? अहो, सकाळी सातला दुकान झाडतं कोन? मी. फळ्या काढतं कोन? मी. परवा ह्यो हमाल आला न्हाई तर पलंग डोक्यावर कुनी नेला? माझी मान आजून वळत न्हाई!"

कॉम्रेड विचारात पडले. बराच वेळ त्यांनी हनुवटी खाजवली. "जो झाडू मारतो तो कामगार," ते शेवटी म्हणाले. "मत मंजूर. तीन विरुद्ध दोन."

गोरक्षनं सुटकेचा श्वास घेतला. पण शेठ हात वर ठेवूनच कसल्या तरी विचारात उभे राहिले.

"कामरेड, म्हंजे मी कामगार?"

"व्हय."

"मंग चौदा वर्सं झाली, मला बी दुपारी धड जेवाया मिळालं न्हाई. गिऱ्हाईक बघा, गिऱ्हाईक बघा." शेठनी खांद्यावरचा पंचा फरशीवर अंथरला आणि गहिनीनाथच्या शेजारी मांडी घातली. "मी बी संपावर. आन संपावरच्या मानसानं कपाट कसं उचलू द्यायचं? माझं मत फिरवा."

"दोन विरुद्ध तीन," कॉम्रेड भारावलेल्या आवाजात म्हणाले. "ठराव नामंजूर."

बाहेर दुसरा हॉर्न वाजला, लांब. तीनला पाच कमी होते.

"पन मालकच संपावर बसला," गोरक्ष जवळजवळ रडत म्हणाला, "तर मागनी मान्य करायची कुनी?"

हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. मग शेठनी डोळे वर, माडीकडं नेले. "दुकान आईच्या नावावर हाय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गोजरबाई, शेठची आई, कंबरेवर हात ठेवून शेवटच्या पायरीवर उभी राहिली. जिभेवर नामस्मरण चालू होतं, ते तिनं थांबवलं.

"राधाकृष्णा, फरशीवर का बसला? कोन गेलं?"

कॉम्रेड उठले. "बाई, कामगारांची मागनी हाय. दुपारी अर्धा तास जेवनाची सुट्टी."

गोजरबाईनं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "मागनी? आवं, रोज बारापासनं मी जिन्यातनं हाका मारती! चौघांच्या भाकरी थापून बसती, गार हुत्यात, मंग गाईला घालती. ह्यो म्हनतो, येवढं उरकू दे. गाय तेवढी फुगली माझी!"

सगळ्यांनी शेठकडं पाहिलं. शेठ सोफ्याकडं बघू लागले.

"आन हे मास्तर का रडत्यात? तुमची काय मागनी?"

गोरक्षनं तोंड उघडलं. 'आमची' म्हणायला गेला आणि शब्द फिरला. "मला कपाट पायजे. मला! ते करडं. माझ्या बायकूसाठी. सांजच्याला ती येनार आन कपाट दिसलं न्हाई तर परत जानार. कायमची. मला ती पायजे, आबा. सगळ्यांची न्हवं, माझी बायकू हाय ती!"

कॉम्रेड खाली बघत होते. पिशवीचा पट्टा त्यांनी घट्ट धरला होता.

"कुनाची लेक?" गोजरबाईनं हळूच विचारलं.

"कानिफनाथबुवांची."

"अगं बाई! बुवांची पुष्पी?" गोजरबाईनं पदर खोचला. "त्यांचं कीर्तन हाय आज? कुठं? मला कुनी सांगितलं न्हाई ते! उठा रं! सुट्टी मान्य, अर्धा न्हाई, एक तास मान्य. भाकरी फडक्यात बांधून देती, ट्रकीत खावा. मी बी येती."

"संप मागं," कॉम्रेड म्हणाले. कपाट उचलायला माणसं वाकली, तर चौथा कोपरा त्यांनी आधीच धरला होता.

ड्रायव्हर ट्रक सुरू करून गियर टाकतच होता. कपाट चढलं, गोजरबाई पुढं बसली, संपकरी शेठसकट मागं. पिठलं-भाकरी खात, कपाटाला पाठ लावून सगळे निघाले.

गावात शिरताना देवळाचा कर्णा वाजत होता आणि घराच्या ओट्यावर बुवा उभे होते. त्यांच्यामागं पुष्पा, बोचकं अजून काखेत. संपकऱ्यांनी कपाट माजघरात उभं केलं. गोरक्षनं चावी पुढं केली. पुष्पानं ती घेतली, कुलूप एकदा फिरवून पाहिलं आणि बोचकं खाली ठेवलं. भीमाबाईनं डोळे पुसले, आणि बुवा समाधानानं देवळाकडं निघाले.

"सूनबाई," कॉम्रेड पुढं झाले. पिशवीत हात घालून त्यांनी कागदात गुंडाळलेलं काही बाहेर काढलं. गोरक्षला वाटलं, पत्रकं. कागद सुटला. आत टाळ होते.

"विडी कामगारांच्या आफिसात निघालं. तीन म्हयनं गावोगाव हुडकीत हुतो." कॉम्रेड कपाटाकडं बघूनच बोलत होते. "आत ठिव. कुलूप लाव. आन चावी कुठं ठिवतीस ते मला सांगू नगंस. कुनी मागितलं की माझ्यानं न्हाई म्हनवत न्हाई."

पुष्पानं टाळ घेतले, कपाळाला लावले, आत ठेवले आणि कुलूप लावलं. मग ती वाकली. "बरं, मामंजी."

एवढ्यात देवळातून माणूस धावत आला. "कामरेड, बुवा उभं ऱ्हानार, आन एका टाळकऱ्याचं टाळच न्हाईत. तुमच्यात हायती का?"

कॉम्रेडांनी छाती पुढं काढली. जन्मात पहिल्यांदा ते म्हणाले, "हायती. पन द्यायची सोय न्हाई. कुलपात हायती."

तोवर मागं किल्ली फिरल्याचा आवाज झाला. पुष्पा टाळ घेऊन दारात आली होती. "घ्या भाऊ. कीर्तनाला न्हाई म्हनायचं व्हय?"

"आगं, आत्ता तर ठिवलं!" कॉम्रेड हबकले. "आन ठराव कुनी मांडला?"

"कपाट माझं हाय, मामंजी. त्याला ठराव लागत न्हाई."

ती निघाली, तिच्यामागं गोरक्ष, भीमाबाई, गोजरबाई, पिठल्याचे हात पुसत संपकरी. देवळात मृदंगावर थाप पडली. माजघरात कॉम्रेड एकटेच उरले, उजवा हात वर करून. सवयीनं तो बाजूनं गेला होता. कुणी मोजणारं नाही हे पाहून त्यांनी तो हळूच डोक्यावरून फिरवला, आणि चपला शोधू लागले.