हातोड्याची प्रकृती

विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात हातोडा होता, याबद्दल वाद नाही. काचेच्या कपाटात, मखमलीवर तो पहुडलेला असे. शेजारी होकायंत्र, भिंगं आणि खडक कापायचं यंत्र, सगळं कोरं करकरीत. तपासणी समितीने विभागाला 'सुसज्ज' असा शेरा दिला होता. आणि सुसज्जता वापराने झिजते, हे विभागप्रमुखांना पक्कं ठाऊक होतं.

विभागातल्या एका संशोधक मुलीला टेकडीवरच्या खडकाचा ताजा तुकडा हवा होता. महिनाअखेरीस प्रबंध दिला नाही, तर तिची नोंदणी रद्द होणार होती. ती भांडारपालांकडे गेली.

"काका, हातोडा द्या ना."

"कशाला गं?"

"दगड फोडायला."

काकांचा चेहराच उतरला. "दगडावर मारणार? चरा पडला म्हणजे?"

"मग कशावर मारू, उशीवर?"

"मारायलाच हवं का पण? नेलं तसं परत आणायचं, असा नियम आहे बाई."

प्रकरण प्रमुखांकडे गेलं. प्रमुख मनाने दयाळू. म्हणाले, "हातोडा बाहेर जाणार नाही. पण खडक आत यायला आमची हरकत नाही."

मग क्रेन लावून टेकडीवरचा एक अख्खा खडक विभागात आणला. त्यासाठी दाराची चौकट फोडावी लागली. ती गवंड्याने स्वतःच्या हातोड्याने फोडली. खडक आत टेकतो न टेकतो तोच त्यावर पाटी लागली : 'विभागाची मालमत्ता. फोडणाऱ्यावर कारवाई होईल.'

मुलीचं डोकं फिरलं. गवंड्याचा हातोडा मागून घेऊन ती तडक टेकडीवर गेली आणि तुकडा घेऊन आली. प्रमुखांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा अधिकृत उपकरणाने फोडलेला नाही. म्हणजे शास्त्रीयदृष्ट्या हा फुटलेलाच नाही."

"सर, अहो, तुमच्या हातात आहे तो."

"हातात काय, काहीही असतं. तू विषय बदल."

नोंदणी जाण्यापेक्षा विषय गेलेला बरा. 'क्षेत्रीय उपकरणांचे क्षेत्रापासून संरक्षण' हा प्रबंध तिने कपाटासमोर बसून लिहिला. परीक्षक गहिवरले. पदवी मिळालीच, शिवाय पहिल्या कपाटाला धूळ लागू नये म्हणून दुसरं कपाट मंजूर झालं.

घरी आईने पदवी प्लास्टिकमध्ये घालून थेट ट्रंकेच्या तळाशी ठेवली. "नोकरीबिकरीला नेऊ नकोस हो. चुरगळेल."

वाचकांना हसू आलं असेल, तर जरूर हसावं. फक्त आधी सोफ्यावरचं दुकानातलं प्लास्टिक काढावं, आणि मग नीट रेलून हसावं.