सुमात्राचा पाहुणा

"आख्खं सुरत आपली बाग देखाले ई! तिकीट लावसू, तिकीट!"

त्या रविवारी भाईदासबापूंनी ही घोषणा केली तेव्हा फणसाखाली बसलेल्या ममतानं, त्यांच्या लेकीनं, पुस्तकातून मानही वर केली नाही. बापूंच्या घोषणा नव्या नव्हत्या. तापीकाठची काळी जमीन, सगळं गाव केळी, ऊस, कापूस लावणारं. आणि हा माणूस खान्देशच्या उन्हात जायफळ आणि कोको लावत होता! धाकटा भाऊ नवनीत टोमणे मारायचा, "दादा, आते बर्फनी शेती कर!" बापूंचं उत्तर ठरलेलं, "तुन्हा पत्राखाले बैस, मंग मन्हा झाडखाले बैस. मंग बोल!"

सगळ्यात लाडका पाहुणा मागच्या शेडनेटमध्ये होता. सुमात्राच्या जंगलातला कंद, केरळातल्या एका छांदिष्ट मित्रानं दिलेला. जात सुरणाचीच, पण सुरणाचा आजा शोभेल असा. कित्येक वर्षं तो एक पान काढायचा आणि झोपी जायचा. बापू त्याला गोणपाट पांघरायचे, पंखा लावायचे. घरात आजारी माणसाला मिळाली नसेल एवढी सेवा! यंदा मात्र पानाऐवजी कळी आली होती, ममताच्या खांद्याला लागेल एवढी.

"कसं शे?" बापूंनी विचारलं.

प्रत्येक रोपापाशी ते हेच विचारायचे. आणि नंदुरबारच्या कॉलेजात शिकवायला लागल्यापासून ममता एकच उत्तर द्यायची, तेही पुस्तकी मराठीत, "ठीक आहे, बापू."

"ठीक?" बापू हसले. "फुलू दे. याना वासनी एक गंमत शे. तवय सांगसू!"

"बरं," ती म्हणाली आणि पान उलटलं.

सोमवारी सकाळी बापू चहाची बशी घेऊन त्याच फणसाखाली टेकले. उठले नाहीत.

दुखवट्याला दारावर बसायला येणाऱ्यांची रीघ लागली. खापरचे आले, नवापूरचे आले, गुजरातेतले सोयरे आले. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटून घरात यावं! पण मांडव घालायची गरज पडली नाही. बापूंच्या झाडांनी सगळ्यांना पोटाखाली घेतलं. ज्यांनी एकेका झाडाला नावं ठेवली होती, ते नवनीतकाका जायफळाखालची सर्वांत गार जागा धरून बसले. जसोदाफुई, म्हणजे बापूंची बहीण, बायकांत बसून येणाऱ्या प्रत्येकीच्या गळ्यात पडत होती.

ममता रडली नाही. पाणी दिलं, चहा दिला, सतरंज्या घातल्या.

"पोर दगड शे," कुणीतरी कुजबुजलं. तिला ऐकू आलं.

आणि मग एका दुपारी वास सुटला!

आधी मेलेल्या उंदरासारखा. मग मेलेल्या मांजरासारखा. चहाच्या वेळेपर्यंत तो म्हशीपर्यंत पोचला होता! पण दुखवट्याच्या घरात 'वास येतो' असं कोण म्हणणार? प्रत्येकानं गुमान पदर नाकाला लावला, रुमाल काढले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नव्यानं आलेल्या सोयऱ्यांना वाटलं, काय हा जिव्हाळा! म्हणून त्यांनीही रुमाल काढले. नाक म्हणे ऊठ, अंग म्हणे बाहेर फुफाटा आहे, बस!

शेवटी फुईच म्हणाली, "नवनीत, माले मरू दे आते. नही तं हाऊ वास काढ!"

"नवापूरनं कोंबडीखत!" काका ताडकन उठले. "दादानी मागे ढीग लावेल शे. तेच सडनं!"

खत उपसायला जेसीबी आला. चालक लखननं तोंडाला गमछा बांधून ढीग उपसला, ट्रॉलीत भरला, गावाबाहेर नेला. सगळ्यांनी मोकळा श्वास घेतला आणि तो घेतल्याचा लगेच पश्चात्ताप केला. वास दुप्पट!

मग कापसाच्या वाळक्या पऱ्हाटीचा ढिगारा उलटला. मोरीत फिनेल ओतलं. विहिरीत बॅटऱ्या मारल्या. फुई आता हळू आवाजात बोलू लागली, "भाईदासना जीव अडकेल शे कोठे तरी..."

काकांचा चेहरा उतरला. घाबरलेला माणूस मोठ्यानं बोलतो, तसे ते ओरडले, "जीव नही अन् बीव नही! त्या इदेशी जंगलमा जनावर मरेल शे. लखन, शेडनेट पाड! सपाट कर आख्खं!"

जेसीबी वळला.

ममताच्या हातातला ट्रे खाली पडला. 'काका, थांबा' असं ती म्हणाली. पण वर्गातल्या पहिल्या बाकापलीकडे न जाणारा तिचा आवाज इंजिनात विरून गेला. ती धावली. हिरव्या जाळीचा पडदा सारून आत शिरली आणि जागच्या जागी थबकली.

पाहुणा फुलला होता.

तिच्या डोक्याच्या वर गेलेला पिवळट दांडा, भोवती वांग्याच्या रंगाची एकच भलीमोठी झालरीची पाकळी, आणि गावभरच्या माश्या निमंत्रण मिळाल्यासारख्या घोंघावत होत्या. वासनी एक गंमत शे! माश्यांना सडकं मांस वाटावं म्हणून हा असा वास सोडत होता. बापूंना ठाऊक होतं. तिला विचारायचं सुचलं नव्हतं.

मागे जाळी टरकली. जेसीबीचे लोखंडी दात आत आले. ममता दोन्ही हात पसरून फुलापुढं उभी राहिली आणि जन्मात पहिल्यांदा बेंबीच्या देठापासून ओरडली, "लखन! थांबाड तुन्हं मशीन!"

इंजिन बंद पडलं. नाकं धरून सगळी मंडळी आत आली.

"हाई काय शे?" काकांनी विचारलं.

"बापूंचं फूल."

"आनि वास?"

"त्याचाच."

काका फुलाकडे बघत राहिले. मग त्यांच्या गळ्यातून चमत्कारिक आवाज निघाला. तो हुंदका होता की हसू, त्यांनाही कळलं नसावं. "मरीसन बी दादानी माले या वासमांगे पयाडं!"

फुईचा पदर नाकावरून गळाला. ती हसता हसता रडायला लागली. "तिकीट लावाव व्हता ना रे तू, भाईदास! आते देख, आख्खी सोयरीक फुकट देखी ऱ्हायनी!"

लखननं जेसीबी मागं घेतला. फाटलेल्या जाळीतून ऊन आलं आणि फूल आणखीच गडद दिसायला लागलं. ममताचे गाल ओले झाले होते.

काकांनी घाईनं रुमाल पुढं केला. "चाल बेटा, बाहेर चाल. तुन्हा डोयाले वास लागना."

"वास नाही, काका."

कसं शे? कुणी विचारलं नव्हतं. विचारणारा नव्हताच. तरी ती फुलाकडे वळली आणि सगळ्यांदेखत, नाक न धरता, मोठ्यानं म्हणाली, "बापू, भलतं भारी शे तुमनं फूल! आख्खी बागच भारी शे! मी कधी बोलनी नही..."

तिनं श्वास घेतला. घ्यायला नको होता.

"वास तेवढा... ठीक आहे, बापू."