गिधाडाच्या गोष्टीचे हक्क

मुलांनो, एका जंगलात झरा होता, टेकडी होती आणि सिनेमे काढणारे एक अस्वल होते. अस्वलाला सगळे तुळाजीशेठ म्हणत. शेठ दरवर्षी नवा सिनेमा काढायचा, म्हणजे 'हरिणीचा सूड' हाच सिनेमा पुन्हा काढायचा. हरिणी तेवढी नवी असायची.

त्याच जंगलात मुकुंदा नावाचे मुंगूस राहायचे. त्याला एक गोष्ट सुचली. एका म्हाताऱ्या गिधाडाचा जिवलग मित्र मरतो. गिधाडाच्या पोटात कित्येक दिवस अन्नाचा कण नसतो. आता त्याने रडावे की जेवावे? गोष्ट रचताना मुकुंदाच ढसाढसा रडला. ही गोष्ट पडद्यावर आणि तिच्यावर आपले नाव पाहायचेच, असे त्याने ठरवले.

शेठने गोष्ट ऐकली, डोळे पुसले आणि विचारले, "हिच्यावर आधी कोणी सिनेमा काढलाय का?"

"नाही शेठ. अगदी नवी आहे."

"मग चालणार कशी?"

शेठ वाईट नव्हता हो. त्याने मुकुंदाला मायेने समजावले. हरिणीच्या सिनेमात कुठे रडायचे ते हत्तींना ठाऊक असते. माकडे सगळे संवाद पडद्याच्या आधी म्हणून टाकतात. मध्ये डुलकी लागली तरी कोणाचे काही बुडत नाही. नव्या गोष्टीत बिचाऱ्यांना शेवटपर्यंत जागे राहावे लागेल.

मुकुंदा हिरमुसला. पण मुंगूसच ते, धरलेले सोडते थोडेच? काही दिवसांनी तो परत आला आणि त्याने बेधडक थाप मारली. गिधाडाची गोष्ट म्हणे नदीपलीकडच्या जंगलातली होती आणि तिकडे तिने नुसता धुमाकूळ घातला होता.

शेठ तसाच उठून नदीपलीकडे गेला. काठावर मगरमावशी ऊन खात पडली होती. शेठने तिच्याकडे गोष्टीचे हक्क मागितले. मावशीला कुठले गिधाड आणि कसली गोष्ट, काही कळेना. पण हक्क विकायला तिची हरकत नव्हती.

सिनेमा निघाला. मुकुंदा पहिल्या रांगेत जाऊन बसला. पडद्यावर अक्षरे उमटली, 'मूळ कथा : मगरमावशी'. मग हत्ती रडले. भलत्याच ठिकाणी रडले, पण पोटभर रडले. मुकुंदाला मात्र या खेपेला रडूच येईना.

खेळ संपल्यावर तो शेठकडे गेला. "शेठ, मी खोटं बोललो. ती गोष्ट माझीच आहे."

शेठने त्याच्या पाठीवर पंजा ठेवला. "मुकुंदा, तुझी असती तर मी घेतली असती का?"

मग त्याने मुकुंदाला खुर्चीवरून उठायला सांगितले. दुसऱ्या भागाची कथा ऐकवायला मगरमावशी येणार होती.

तात्पर्य : खोटे बोलल्याने गोष्ट पडद्यावर येते, खरे बोलल्याने ती आपली होत नाही. म्हणून मुलांनो, काही नवे सुचलेच तर आधी नदीपलीकडे जाऊन स्वतः मगर व्हावे.